कर्णबधिर आणि अंध मुलांच्या सरकारी शाळेला चारच वर्षांची मुदत: 2028 ला शाळा बंद होणार का?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या चँडलरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी चार वर्षांची, जन्मतः कर्णबधिर. स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) आयईपी बैठकीत, म्हणजे अपंग मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना ठरवणाऱ्या बैठकीत, 'फिनिक्स डे स्कूल फॉर द डेफ'चा पर्याय पुढे आला, त्या शाळा बघून आल्या, मुलगी तिथल्या मुलांत पाच मिनिटांत मिसळली. घरी आल्यावर मिस्टरांनी बातमी समोर ठेवली: ही शाळा ज्या सरकारी संस्थेची आहे, त्या 'ॲरिझोना स्टेट स्कूल्स फॉर द डेफ अँड द ब्लाइंड'ला विधिमंडळाने 2024 मध्ये फक्त चार वर्षांची मुदतवाढ दिली. म्हणजे मुलगी दुसरी-तिसरीत असताना शाळेला टाळं लागणार का? तसं असेल तर आत्ताच दुसरीकडे घातलेली बरी, असं मिस्टरांचं म्हणणं.

माझं मत आधी सांगून टाकते. या मुदतीमुळे शाळा नाकारू नका. शाळा बंद पडायची भीती पूर्णपणे खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण अशा शाळा मुदत संपल्यामुळे बंद पडत नाहीत. त्या वेगळ्याच कारणांनी बंद पडतात, आणि ती कारणं विधेयकात लिहिलेली नसतात.

मी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले, महाराष्ट्रात एका अनुदानित कर्णबधिर शाळेत शिकवलं, नंतर अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांच्या शाळांतून काम केलं. त्यामुळे मिस्टरांच्या मनात नेमकं काय आलं असेल ते मला कळतं. आपल्याकडे 'शाळेची मुदत' म्हटलं की मान्यता आठवते. महाराष्ट्रात दिव्यांग मुलांच्या बहुतेक शाळा स्वयंसेवी संस्था चालवतात. त्यांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि मुदत संपायच्या 60 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तपासणीला अधिकारी येतात, हजेरीपट बघतात, वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघतात, शेरा मारतात. एखाद्या शाळेची मान्यता अडकली म्हणजे त्या शाळेत काहीतरी गडबड आहे, असा आपला सरळ हिशेब असतो. ॲरिझोनात जे झालं ते या जातीचं नाही.

तिथला प्रकार 'सनसेट' कायद्याचा आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत एक विचार जोरात होता: सरकारी मंडळं आणि आयोग एकदा जन्माला आले की मरतच नाहीत, तेव्हा प्रत्येकाला कायद्यातच शेवटची तारीख घालून द्या. ती तारीख जवळ आली की विधिमंडळाने विचारायचं, याची गरज उरली आहे का? होकार असेल तर नवा कायदा करून मुदत वाढवायची, काहीच केलं नाही तर संस्था आपोआप संपते. 1976 मध्ये कोलोराडोने पहिला असा कायदा केला, 1977 मध्ये टेक्सासने, 1978 मध्ये ॲरिझोनाने. रोख मुख्यतः परवाने देणाऱ्या मंडळांवर होता, न्हाव्यांचं मंडळ, अमक्या-तमक्या कारागिरांचं मंडळ, यांच्यावर. पण जाळं टाकलं की त्यात सगळेच येतात. अंध-कर्णबधिरांची शाळा ही ॲरिझोनाच्या कायद्यात एक राज्य संस्था आहे, म्हणून तिलाही शेवटची तारीख आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या शाळेला नाही. हा भेद मला पहिल्यापासून खटकत आला आहे. ऐकू येणाऱ्या मुलाच्या शाळेने दर काही वर्षांनी 'आमची गरज काय' हे सिद्ध करायचं नसतं, न ऐकू येणाऱ्याच्या शाळेने करायचं असतं.

मुदतवाढीचं विधेयक असतं तरी किती मोठं? हातात घेऊन बघा, निराशा होईल. जुनं कलम रद्द करा, नवं कलम घाला, त्यात संस्था अमुक वर्षी एक जुलैला संपते असं एक वाक्य, त्यानंतर काही महिन्यांनी तिचं कायद्यातलं प्रकरण रद्द होतं असं दुसरं वाक्य, आणि ही संस्था कशासाठी चालू ठेवतो आहोत याचा एखादा परिच्छेद. शिक्षक, ब्रेल, सांकेतिक भाषा, बस, वसतिगृह, कशाचाही उल्लेख नाही. या शाळांना पूर्वी आठ-दहा वर्षांची मुदत मिळायची. 2024 मध्ये प्रतिनिधीगृहाने आठ वर्षांचं विधेयक पाठवलं, सिनेटमध्ये त्याला कात्री लागली आणि शेवटी चार वर्षांवर तडजोड झाली. राज्यपाल केटी हॉब्स यांनी सही केली. तेव्हा दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचं बहुमत एकेका मताचं होतं, प्रतिनिधीगृहात 31 विरुद्ध 29 आणि सिनेटमध्ये 16 विरुद्ध 14, आणि राज्यपाल डेमोक्रॅट होत्या. अशा घरात कुठलंही साधं विधेयक ओढाताणीचं होतं. मुदत कमी करणाऱ्यांचं म्हणणं, देखरेख जास्त वेळा व्हावी. विरोधकांचं म्हणणं, सार्वजनिक शिक्षणावरचा राग या मुलांवर का काढता? माझी सहानुभूती कुणीकडे आहे ते लपवत नाही. पण तुमच्या प्रश्नापुरतं एवढं लक्षात घ्या: भांडण 'किती वर्षं' यावर झालं, 'हवी की नको' यावर नाही.

'हवी की नको' हे ठरवणं विधिमंडळाला तितकं सोपंही नाही. ॲरिझोना राज्य झालं 1912 मध्ये, आणि त्याच वर्षी टूसॉनमध्ये ही शाळा सुरू झाली. ती उभी करण्यामागे हेन्री व्हाइट नावाचे गृहस्थ होते. ते स्वतः कर्णबधिर. त्याआधी 1884 मध्ये यूटातली कर्णबधिरांची शाळाही त्यांनीच सुरू केली होती. म्हणजे ऐकणाऱ्या दयाळू लोकांनी कर्णबधिरांना शाळा दिली, ही गोष्ट इथे लागू होत नाही. राज्याच्या संविधानात अकराव्या प्रकरणाच्या पहिल्याच कलमात, जिथे बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतची सार्वजनिक शिक्षणव्यवस्था सांगितली आहे, तिथेच ऐकण्याचं आणि दृष्टीचं अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आणि देखभालीची तरतूद विधिमंडळाने केलीच पाहिजे असं लिहिलं आहे. त्याच्याही आधी, 1910 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय संसदेने, ज्या कायद्याने ॲरिझोनाला राज्य व्हायची वाट मोकळी करून दिली, त्यात या मुलांच्या शाळांसाठी एक लाख एकर जमीन नेमून दिली. अशा जमिनी राज्याकडे विश्वस्त म्हणून असतात आणि त्यांचं उत्पन्न ठरवलेल्या कामालाच जातं.

तरी इथे एक मेख आहे, आणि ती न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. संविधान शिक्षणाची हमी देतं, अमुक नावाच्या शाळेची नाही. उद्या कुणी म्हणालं की हेच शिक्षण आम्ही डिस्ट्रिक्टमधून देतो, किंवा पालकांच्या हातात पैसे देतो, तर कोर्टात वाद रंगेल, पण तो आपण जिंकूच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता शाळा बंद कशा पडतात ते बघू.

ओरेगनमध्ये सेलमला अंधांची शाळा होती, 1873 पासूनची. 2009 मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती बंद केली. गावातली कर्णबधिरांची शाळा मात्र राहिली. नेब्रास्कात ओमाहाची कर्णबधिर शाळा 1869 मध्ये सुरू झालेली, 1998 मध्ये बंद पडली. आयोवात व्हिंटनच्या अंधशाळेतलं वसतिगृह 2011 मध्ये संपलं. यांतल्या कुठल्याही ठिकाणी कुणी तारीख विसरलं म्हणून शाळा गेली नाही. आधी पट उतरला. पट उतरला की एका मुलामागचा खर्च डोळ्यांत येतो. मग जुन्या इमारतीचं छप्पर, बॉयलर, रिकामी वसतिगृहं यांचा हिशेब मांडला जातो. मग रिकाम्या जागा भरत नाहीत, चांगला शिक्षक शेजारच्या राज्यात जातो, एखादा विषय बंद होतो, आणि त्याकडे बघून आणखी चार पालक मूल काढून घेतात. विधिमंडळात विधेयक येतं तेव्हा अर्धं काम आधीच झालेलं असतं.

पट का उतरला, याची कारणं एकाच दिशेने बोट दाखवत नाहीत. 1964-65 मध्ये अमेरिकेत रुबेलाची (जर्मन गोवराची) मोठी साथ आली. गरोदरपणात ज्या आयांना लागण झाली त्यांची हजारो मुलं कर्णबधिर जन्मली. सत्तरच्या दशकात या शाळा त्या मुलांनी ओसंडून वाहत होत्या. ती मुलं शिकून बाहेर पडली आणि वर्ग ओस पडले. लस आल्यामुळे तशी लाट पुन्हा आली नाही, ही चांगलीच गोष्ट. 1975 मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा आला. त्यात 'कमीत कमी बंधनाचं वातावरण' हे तत्त्व होतं, आणि त्याचा सोपा अर्थ असा लावला गेला की घराजवळची नेहमीची शाळा म्हणजे कमी बंधन, खास शाळा म्हणजे जास्त. 1990 मध्ये लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, मान्यता मिळाली. या तिन्हींनी मिळून पट खाली आणला.

'कमी बंधन' याबद्दल थोडं थांबते, कारण तुमच्या पुढच्या आयईपी बैठकीत हा शब्द कुणीतरी वापरणार. वीस ऐकणाऱ्या मुलांच्या वर्गात एक कर्णबधिर मूल, सोबत आठवड्यातून दोनदा येणारी तज्ज्ञ शिक्षिका, आणि दिवसभर दुभाष्याच्या हाताकडे बघत बसायचं. दुभाषी आला असेल तर. मधल्या सुट्टीत दुभाषीही सुट्टीवर. मग ते मूल झोपाळ्याभोवती एकटं हिंडतं. हे कमी बंधन? अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 1992 मध्येच स्पष्ट केलं की कर्णबधिर मुलाच्या बाबतीत जागा ठरवताना त्याची भाषा आणि संवादाची गरज आधी बघा. 1997 मध्ये ते कायद्यातच आलं: कर्णबधिर मुलाच्या आयईपीत समवयस्कांशी आणि शिक्षकांशी थेट त्याच्या भाषेत बोलण्याची संधी विचारात घ्यावी लागते, आणि अंध मुलाच्या बाबतीत ब्रेल शिकवणं हे गृहीतच धरावं लागतं, नको असेल तर नको का ते टीमने सांगायचं. तुम्ही लिहिलं आहे की मुलगी त्या शाळेत पाच मिनिटांत मिसळली. हे वाक्य बैठकीत जसंच्या तसं बोला आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

कुणी असं समजू नये की मी प्रत्येक मुलाला खास शाळेतच घाला म्हणते. नेहमीच्या शाळेत झकास शिकणारी कर्णबधिर मुलं मी पाहिली आहेत, आणि खास शाळेत कुणाच्या फारशा अपेक्षाच नसल्यामुळे मागे पडलेलीही पाहिली आहेत. पर्याय मात्र शिल्लक राहिले पाहिजेत. केंद्रीय नियमांत डिस्ट्रिक्टने पर्यायांची सगळी साखळी उपलब्ध ठेवायची असं आहे, नेहमीचा वर्ग ते खास शाळा. राज्याची शाळा गेली की साखळीचं शेवटचं टोक फक्त कागदावर उरतं.

चार वर्षांची मुदत खरा त्रास कुठे देते, तर इथे. शाळा 2028 ला बंद होणार नाही असं समजा. तरी आज नोकरीला येऊ पाहणारी ब्रेलची शिक्षिका दुसऱ्या राज्यातून घर हलवण्याआधी ही तारीख वाचते. अंध मुलांचे प्रशिक्षित शिक्षक देशभर इतके कमी आहेत की तिला तीन ठिकाणांहून बोलावणं असतं. इमारतीचं मोठं काम काढायचं तर निर्णय लांबणीवर पडतो. अधीक्षकांचा अर्धा वेळ वर्गांकडे जाण्याऐवजी विधिमंडळाकडे जातो. आणि तुमच्यासारखे पालक बिचकतात. म्हणजे आज ज्या भीतीने तुम्ही मुलीला दुसरीकडे घालाल, त्याच भीतीने पट उतरेल, आणि 2028 मध्ये कुणीतरी उतरलेला पट दाखवून विचारेल, गरज काय आहे?

मुलीच्या हक्काचं काय, हे मिस्टरांना नीट समजावून सांगा. तिला मोफत आणि योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क केंद्रीय कायद्याने आहे. तो शाळेच्या मुदतीला बांधलेला नाही. अगदी वाईटात वाईट होऊन शाळा संपली, तरी एका रात्रीत ती रस्त्यावर येणार नाही. आवराआवरीला काही महिने मिळतात, आणि डिस्ट्रिक्टला तिच्यासाठी दुसरी सोय करावीच लागते.

याउलट एक कागद असा आहे की ज्यावर सही केली तर हा हक्क तुम्ही स्वतःच सोडता, आणि त्याबद्दल मात्र कुणी बातमी दाखवत नाही. ॲरिझोनात पालकांना खाजगी शिक्षणासाठी राज्याचे पैसे देणारी 'एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट' योजना 2022 पासून सगळ्या मुलांना खुली झाली. अपंग मुलांना त्यात रक्कमही बरीच जास्त मिळते. ओळखीतलं कुणीतरी सांगेलच, 'अहो, पैसे घ्या आणि हवं तिथे शिकवा.' त्या करारात डिस्ट्रिक्टला तुमच्या मुलीच्या शिक्षणाच्या जबाबदारीतून मोकळं करण्याचं कलम आहे. सही झाली की आयईपीचा आग्रह धरायला जागा राहत नाही. पैसे हातात असतील, पण सांकेतिक भाषेत शिकवणारी खाजगी शाळा वाळवंटात कुठून आणणार? काही कुटुंबांना ही योजना सोयीची ठरते, हे मान्य. चार वर्षांच्या कर्णबधिर मुलीच्या आईला मी आज तरी तो सल्ला देणार नाही.

आता 2028 चं काय करायचं? तारीख कॅलेंडरमध्ये 2028 ला नका लिहू, 2026 पासून लक्ष ठेवा. मुदत संपायच्या बरंच आधी तपासणीचं चक्र सुरू होतं. शाळेला स्वतःचं म्हणणं लेखी द्यावं लागतं: कुठला प्रश्न सोडवायला आपण आहोत, उद्दिष्टं काय, असंच काम करणारी दुसरी संस्था आहे का, आणि आपल्याला बंद केलं किंवा कुणात विलीन केलं तर काय होईल. ही उत्तरं सार्वजनिक असतात, वाचा. मग दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची समिती निदान एक जाहीर सुनावणी घेते. ही सुनावणी विधिमंडळाच्या सत्राच्या धामधुमीआधी होते, पत्रकार नसतात, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि सदस्यांना ऐकायला वेळ असतो. पालक येतात ते सिनेटमध्ये भांडण पेटल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा मतं ठरून गेलेली असतात. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सत्र सुरू होतं. त्याआधीच तुमच्या मतदारसंघाच्या एका सिनेटरला आणि दोन प्रतिनिधींना भेटून आलेलं चांगलं. व्हिसावर असाल, मत देता येत नसेल, तरी हरकत नाही. बोलायला नागरिकत्व लागत नाही. आपली मंडळी इथे उगाच मागे सरतात, 'आपण परके, कशाला पुढे व्हा' म्हणून. मूल त्या राज्यात शिकतं, कर तिथेच भरता, पुढे व्हा.

अशा सुनावण्या मी दुसऱ्या एका राज्यात जवळून पाहिल्या आहेत. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. बोलणाऱ्याच्या समोर हिरवा, पिवळा, लाल असा दिवा असतो. अंध विद्यार्थिनीला तो दिवा दिसत नाही, तिला मधेच 'वेळ संपली' ऐकू येतं आणि ती वाक्य अर्धवट सोडून बसते. कर्णबधिर मुलगा खुणांनी बोलतो, दुभाषी ते आवाजात सांगतो, एखादं नाव बोटांनी अक्षर-अक्षर सांगावं लागलं की त्यात सेकंद जातात, आणि ते सगळं त्याच्याच दोन मिनिटांत मोजलं जातं. तेव्हा आधीच समितीच्या कार्यालयाला पत्र लिहून जादा वेळ मागायचा, वेळ संपत आल्याची सूचना तोंडी द्यायला सांगायचं, दुभाष्याला लिखित निवेदनाची प्रत आदल्या दिवशी द्यायची. मागितलं तर बहुधा मिळतं, मागत कुणी नाही.

आणि बोलायचं काय? 'ही शाळा आमच्या मुलांचं दुसरं घर आहे' हे सदस्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं, त्याने मत हलत नाही. ठोस सांगा. मुलगी शाळेत गेली तेव्हा तिला किती शब्द येत होते, आज किती वाक्यं येतात. डिस्ट्रिक्टने तेच द्यायचं म्हटलं तर दुभाषी, तज्ज्ञ शिक्षिका आणि बस यांचा एका मुलामागे काय खर्च येईल, तो आकडा डिस्ट्रिक्टकडून लेखी मागून घ्या. ग्रामीण मतदारसंघाच्या सदस्याला सांगा की त्याच्या भागातल्या लहान डिस्ट्रिक्टमध्ये एकच अंध मूल असेल, तर त्यांना ब्रेल शिकवायला येणारं माणूस बऱ्याचदा राज्याच्या याच संस्थेच्या प्रादेशिक कार्यक्रमातून येतं. शाळा म्हणजे फक्त फिनिक्स आणि टूसॉनचे कॅम्पस नव्हेत, हे कित्येक सदस्यांना माहीतच नसतं.

शाळेबद्दल निर्णय घ्यायच्या आधी मात्र मुदतीपेक्षा महत्त्वाचे दोन-तीन प्रश्न शाळेलाच विचारा. तिच्या वयोगटाच्या वर्गात मुलं किती आहेत? चार वर्षांच्या मुलीला वर्गात दोनच सोबती असतील तर भाषा वाढायला ते कमी पडतात. शिक्षकांत स्वतः कर्णबधिर असलेले किती? इम्प्लांट किंवा श्रवणयंत्र असेल तर बोलण्याचं प्रशिक्षण आठवड्यात किती वेळ आणि कोण देतं? आणि चँडलरहून बस किती वाजता निघते, कारण फिनिक्सच्या वायव्येकडे पोहोचायला सकाळच्या गर्दीत तासाच्या वर जाऊ शकतो, आणि बसमध्ये पेंगणारं मूल वर्गात काय शिकणार? डिस्ट्रिक्टच्या पर्यायालाही हेच प्रश्न लावा. उत्तरं शेजारी-शेजारी लिहा आणि मिस्टरांसोबत बसून वाचा.

आयईपी बैठकीचं पत्र हातात पडलं की बैठकीआधी मसुदा मागून घ्या. त्यात 'संवादाची गरज' हा रकाना एका ओळीत उरकलेला असेल तर मला त्या ओळीचा मजकूर कळवा, काय बदलून मागायचं ते सांगते.